तीन पायऱ्यांचं दुकान

हरसिंग मिस्त्री गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या पतसंस्थेने त्याचा फ्लेक्स लावला. फोटो कुठून मिळवला कोण जाणे, पण फोटोत तो हसतोय. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘हसतमुख, सहनशील, दिव्यांग बांधवांचा आधार’. त्याच्या बाजूला अध्यक्षांचा फोटो, मिस्त्रीच्या फोटोपेक्षा थोडा मोठा.

मी त्या माणसाला वीसेक वर्षं ओळखत होतो. हसतमुख तो कधीच नव्हता. पाय धड होते तेव्हाही नव्हता, आणि पाय गेल्यावर तर त्याच्यासमोर उभं राहायची कुणाची टाप नव्हती. सहनशील म्हणाल तर वाकडी रेघसुद्धा त्याला सहन होत नसे. आणि ज्या पतसंस्थेच्या भिंतीवर तो फ्लेक्स फडफडतोय, तिच्या दारातून खुर्चीत बसून तो एकदाही आत गेला नाही. जाऊ शकला नाही. ते पुढे सांगतो.

फ्लेक्स पाहिल्यापासून माझं डोकं फिरलंय. माझं मेडिकलचं दुकान आहे. दोन दिवस मी गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. बायको म्हणाली, काय ते लिहून काढा एकदाचं आणि लोकांना गोळ्या नीट द्या. म्हणून लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. वाचणाऱ्याला आपलंच गाव वाटलं तर वाटू दे.

हरसिंग तांड्यावरचा. गावाबाहेर नाल्यापलीकडे त्याचा तांडा. घरी बायकोशी, चंद्रीबाईशी, तो बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचा, बाजारात वऱ्हाडीत, आणि शिव्या मात्र हिंदीत द्यायचा. हिंदीतल्या शिव्या ओळंब्यात बसतात, असं त्याचं म्हणणं. उंच, काटक, मिशी सिमेंटने कायम राखाडी. काम करताना बिडी ओढायची नाही आणि दुसऱ्याला ओढू द्यायची नाही, हा त्याचा कायदा. राख मालात पडते म्हणे.

बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पायऱ्या त्याच्या हातच्या. भिंती कुणीही बांधावी, पण पायऱ्यांना हरसिंगच पाहिजे, असा लोकांचा हट्ट असे. काळा कडप्पा, कडा गोल घासलेल्या, आणि एक पायरी दुसरीपेक्षा सुताभरही उंच नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन तो लेव्हल काढायचा. एक टोक चंद्रीबाईच्या हातात, दुसरं याच्या. मालक बाजूला उभा राहून “जरा इकडे घ्या मिस्त्री” असं काही सुचवायला लागला, की नळीकडे बोट दाखवायचा. “मले नको सांगू. पान्याले सांग. पान्याले कोनाची भीड नसते.”

माझं दुकान बांधताना मला एकच पायरी हवी होती. म्हातारी माणसं येतात, एक पुरे म्हटलं. त्याने मला वेड्यात काढलं. आपल्याकडची काळी माती, नाली तुंबली की पाणी थेट आत. शिवाय रस्ता प्रत्येक डांबराला वर येतो आणि दुकान आहे तिथेच राहतं. “उद्या तुह्या दुकानात लोकाइले उतरून या लागन, सुधाकरभाऊ.” मग दोन बांध म्हटलं, तर दोन चालत नाहीत. पायऱ्या विषम पाहिजेत, एक, तीन, पाच, सात. सम पायऱ्या चढून गिऱ्हाईक येतं ते डाव्या पायाने आत येतं, हे आमच्याकडे शाळा शिकलेलेही मानतात. मीही मानलं. तीन झाल्या. त्याचं खरंही ठरलं. शेजारचं सलून आज रस्त्याच्या खाली गेलंय आणि माझी सगळ्यात खालची पायरी अर्धी डांबरात बुडाली, पण दुकानात पाणी कधी शिरलं नाही. पायऱ्या झाल्या त्या दिवशी तो तिसऱ्या पायरीवर उभा राहून म्हणाला होता, “पाय असे उचलले पायजे. मानूस दुकानात येते तं वर आल्यासारखं वाटलं पायजे.” मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं.

मग एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर परांचीची बल्ली सुटली आणि तो पाठीवर पडला. कमरेखालचं सगळं गेलं. नागपूरला तीन महिने काढले. ठेकेदार एकदा येऊन गेला, केळी घेऊन.

वर्षभराने तो बाजारात परत आला तो चाकाच्या खुर्चीत. ही खुर्ची एका शिबिरात मिळालेली. देताना सहा जणांनी तिला हात लावून फोटो काढला होता, त्यात खुर्ची नीट दिसते, हरसिंग दिसत नाही. तिचं उजवं चाक पहिल्या आठवड्यात कुरकुरायला लागलं ते शेवटपर्यंत कुरकुरलं. तो आवाज आला की आमच्या लाइनीतले दुकानदार पेपर तोंडासमोर धरायचे. कारण हरसिंग आता कुणाला नावाने हाक मारत नसे. पायऱ्यांवरून मारायचा. साडीवाला मनोहरशेठ म्हणजे “सात पायऱ्या”. झेरॉक्सवाला “पाच पायऱ्या”. मी “तीन पायऱ्या”. इतकी वर्षं सुधाकरभाऊ म्हणणारा माणूस भर रस्त्यात मला “ए तीन पायऱ्या” म्हणून हाक मारायला लागला, आणि मला राग यायचा. मला राग यायचा, बघा.

खुर्चीच्या खिशात त्याची माल लिंपायची थापी असे. काम सुटलं पण थापी सुटली नाही. दुकानासमोर येऊन तिच्या दांड्याने खालची पायरी ठोकायची, टक टक, आणि विचारायचं,

“ही पायरी कोनाची?”

“आमची.”

“नाही. माही हाय. म्या बांधली. अन् मलेच वर येऊ देत नाही.”

लोक हसायचे. कुणीतरी पुढे होऊन म्हणायचं, “त्यात काय मिस्त्री, चार जण उचलून नेतो वर.” तेव्हा त्याचा चेहरा काळा पडायचा. “चार जन उचलतात ते एकदाच. तवा मी काही बोलनार नाही. अजून बोलून राह्यलो ना?” मग ते चार जण आपापल्या कामाला जायचे. त्यांना वाटायचं, मदत करायला गेलं तर हा माणूस अंगावर येतो. बाजारात त्याचं नाव तिरसट म्हणून पडलं. दिव्यांग म्हटलेलंही त्याला खपत नसे. खुर्चीत पाठ जरा सरकवली तरी त्याच्या तोंडून ‘याडी’ निघायचं, म्हणजे आई. पाठीला जखम होती, ती भरतच नव्हती. तो म्हणायचा, “याच्यात दिव्य काय हाय ते दाखव मले.”

मी मात्र त्याच्याशी पहिल्या दिवसापासून चांगला वागत होतो, असा माझा समज. चाक वाजलं की मी काउंटर सोडून पायऱ्या उतरून खाली जायचो, काय हवं ते विचारायचो, वर येऊन माल काढायचो आणि पुन्हा खाली नेऊन द्यायचो. “तुम्ही कशाला तसदी घेता मिस्त्री, मी आहे ना.” येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचंही ते. सुधाकरभाऊंचं मन मोठं, असं दोघं-तिघं म्हणालेही होते. मी ते ऐकून घेतलं होतं.

एका आठवडी बाजाराच्या दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चाक वाजलं. मला खाली जाणं शक्य नव्हतं. त्याने हाताने खूण केली, नेहमीचं. मी फळीवर पाहिलं तर दोन वेगवेगळ्या नंबरांच्या नळ्या होत्या. मी काउंटरवरूनच ओरडलो,

“मिस्त्री, लघवीची नळी कितीची? सोळा की अठरा? अन् पिशवी टांगायची देऊ की पायाला बांधायची?”

मनोहरशेठच्या सात पायऱ्यांवर लग्नाच्या साड्या घ्यायला आलेल्या बायका बसल्या होत्या. खाली शाळेतून सुटलेल्या पोरी पाणीपुरी खात होत्या. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने मांडीवरचं धोतर ओढून घेतलं. मी सोळाची नळी अंदाजाने बांधली आणि एका गिऱ्हाइकाच्या हाती खाली पाठवली.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतो तोच चाक वाजलं. बरोबर चंद्रीबाई होती.

“तीन पायऱ्या, काल तू काय केलं, ठाव हाय का तुले?”

“काय केलं? माल तर दिला, मिस्त्री.”

“माल देल्ला. अन् माही लघवी साऱ्या बाजाराले सांगतली.”

मी म्हणालो, गर्दी होती, चुकून झालं, मनात काही नव्हतं. आणि वर शहाणपणा केला, “तुम्ही चंद्रीबाईंना पाठवत जा ना. त्या येतील वर.”

“काहून? अंग माहं हाय ना? एखादा मानूस निरोध घ्याले येते तं तू त्याले म्हनतं का, बायकोले पाठव? त्याच्यासाठी आवाज खाली करतं. पेपरात गुंडाळून देतं. म्या पाह्यलं हाय, पाय होते तवा.” मग थापीने पायरी ठोकली. “मले बी हळूच सांगाचं हाय. काउंटरपाशी येऊन, तुह्या कानात. बाकी काही नाही पायजे मले. तुही दया बी नको अन् तुही धावपळ बी नको.”

चंद्रीबाई खाली मान घालून उभी होती. मी शटर अर्धंच वर केलेलं, ते तसंच धरून उभा राहिलो. त्याचं म्हणणं पटलंही होतं. तरीही मी त्या दिवशी लगेच काही केलं नाही. विचार करू म्हटलं. आमच्याकडे विचार करू म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

त्याच महिन्यात पतसंस्थेच्या रॅम्पचं उद्घाटन झालं. फीत, हार, फेटे, माइक. रॅम्पला चकचकीत गुळगुळीत टाइल लावलेली आणि दोन्ही बाजूंना झेंडूच्या कुंड्या. अध्यक्ष भाषणात म्हणाले, ही आमची दिव्यांग बांधवांची सेवा. ‘बांधव’ म्हणून हरसिंगला पहिल्या रांगेत आणून ठेवलं होतं, हार घालायला. त्याने हार काढून मांडीवर ठेवला आणि चंद्रीबाईला म्हणाला, लेव्हलची नळी काढ.

भर कार्यक्रमात त्या दोघांनी लेव्हल घेतली. अध्यक्षांना वाटलं हा काही पूजेतला भाग असावा, ते हात जोडून उभे राहिले.

“उंची दोन फूट,” हरसिंग म्हणाला. त्याला माइकची गरज नव्हती. “एका फुटाले बारा फूट उतार लागते. दोनाले चोवीस. तुमी पाच फुटात नेलं साहेब. हे चढाव नाही, घसरगुंडी हाय. मोटरसायकल चढवाले बांधली का?”

खरंच होतं ते. संचालकांच्या गाड्या रात्री आत ठेवायला तसलाच उतार आधीपासून होता, त्यावर टाइल चढवून त्याला रॅम्प म्हटलं होतं. अध्यक्ष म्हणाले, भावना समजून घ्या. हरसिंग म्हणाला, “भावना नको. बसा या खुर्चीत अन् जाऊन दाखवा वर. मी खाली बसतो.” अध्यक्ष बसले नाहीत. चंद्रीबाईच्या आधाराने हरसिंग खाली सतरंजीवर उतरला आणि अध्यक्षांनी शिपायाला बसवलं. शिपाई बिचारा दोन हातांनी चाकं रेटत तीन फूट गेला आणि तिथून जो उलटा आला तो कुंड्यांसकट मांडवाच्या खांबाला जाऊन थांबला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. हरसिंग हसला नाही. तो सतरंजीवरूनच त्या शिपायाला विचारत होता, “लागलं का रे बाप्पा?” कार्यक्रम संपल्यावर जेवण होतं, ते पहिल्या मजल्यावर.

तो रॅम्प आजही तसाच आहे. फ्लेक्स त्याच्याच वर लावलाय.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो आणि मिस्त्रीला म्हणालो, माझ्या दुकानाला करून द्या. लाजेने गेलो की कौतुकाने, मला आज सांगता येणार नाही. त्याने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, “अठरा इंच हाय तुही उंची. अठरा फूट लागन. दुकान अठराच फूट हाय. मंग तू पायऱ्या काढतं का?”

पायऱ्या काढायची माझी तयारी नव्हती. त्याने जमिनीवर थापीने आखलं. नऊ फूट चढायचं, मध्ये वळायला सपाट जागा, पुन्हा नऊ फूट. पायऱ्या एका अंगाला चार फूट तशाच ठेवायच्या. फक्त दोन्ही चढ शेजारी-शेजारी आल्याने रुंदी सात फूट झाली आणि बाहेरचा भाग नालीवरच्या फरशीवर गेला. सगळ्यांच्याच पायऱ्या नालीवर गेलेल्या, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

उतार मोजताना मी सहज विचारलं, बाराला एक हे तुम्हाला कुणी शिकवलं. तो नळीतल्या पाण्याकडे बघत म्हणाला, “झरीकडं एका शाळेचं काम केलतं. इंजिनेरनं कागद देल्ला होता, बारा फूट. ठेकेदार म्हने सहात बसव, सिमेंट वाचते. म्या बसवला. तवा आमी हासलो होतो, कोन चढून राह्यलं याच्यावर म्हून.” त्याने नळीचं टोक जरा वर घेतलं. “तिथी एखादं लेकरू असन आता. खुर्चीवालं. थे पाहून राह्यलं असन त्या उताराकडं.” आणि मग त्याने हिंदीत एक शिवी दिली. ती कुणाला होती हे मी विचारलं नाही.

काम चंद्रीबाईने केलं. इथे बाजाराला करमणूक मिळाली. आमच्याकडे बाई जन्मभर घमेलं वाहते, माल कालवते, विटा चढवते, पण थापी धरत नाही. थापी गड्याची. हरसिंगला खुर्चीतून खाली वाकता येत नव्हतं, म्हणून त्याने ती तिच्या हातात दिली आणि स्वतः नळीचं टोक धरून बसला. मनोहरशेठ आपल्या सातव्या पायरीवरून म्हणाला, “मिस्त्री, बायकोच्या हातचं बांधकाम टिकते का?” हरसिंगने मान वर न करता सांगितलं, “सात पायऱ्या, वीस वर्सं हिनंच माल कालवला. तुह्या पायऱ्या बी हिच्याच मालावर उभ्या हायेत. मी तं निस्ती थापी फिरवली.”

मनोहरशेठची दुसरी हरकत होती, दारासमोर उतार असला की लक्ष्मी वाहून जाते, आणि माझ्या उताराचं तोंड त्याच्या दुकानाकडे होतं. हरसिंग म्हणाला, “मंग बरंच हाय ना, तुह्याकडंच येईन.” यावर मनोहरशेठ खरोखर विचारात पडला आणि त्याने हरकत मागे घेतली. सिमेंट ओलं असताना चंद्रीबाईने खराट्याने आडव्या रेघा मारल्या, चाक घसरू नये म्हणून. त्या रेघा इतक्या सरळ होत्या की हरसिंगने तीनदा पाहिल्या आणि काही खोट काढली नाही. त्याच्याकडून एवढीच शाबासकी मिळायची. आज चंद्रीबाई स्वतः कामं घेते, पण तेव्हा ते पहिलं होतं.

आठ दिवस पाणी मारल्यावर तो वर आला. एकटा. चाक कुरकुरत पहिल्या नऊ फुटांवर, मग वळला, मग दुसऱ्या नऊ फुटांवर. चंद्रीबाई खाली रस्त्यावरच उभी राहिली, तिला त्याने येऊ दिलं नाही. आत तीन गिऱ्हाइकं होती. मला राहवलं नाही, मी म्हणालो, “या मिस्त्री, आधी तुमचं.” त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. “नंबरानं घे.”

त्याचा नंबर आला. माझं काउंटर उंच, काचेच्या पलीकडे त्याची फक्त पगडी आणि डोळे. मी स्टूल घेऊन बाहेर गेलो आणि त्याच्या शेजारी बसलो. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकून, अगदी हळू आवाजात सांगितलं, काय पाहिजे ते. नंबर सांगितला. जखमेतून वास येतो, त्याला काय लावू, तेही विचारलं. वर्षभरात हे तो मला कधी बोलला नव्हता. रस्त्यावरून कसं बोलणार होता? मी म्हणालो, हे मलमाने जाणार नाही, डॉक्टरला दाखवा. पेपरात गुंडाळून दिलं. जाताना म्हणाला, “काउंटर एक हात खाली घे, सुधाकरभाऊ.”

नाव ऐकून मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. लिहायचा हक्क मी पुढे घालवला.

त्या रॅम्पवरून नंतर कोण कोण आलं ते पाहून मला माझीच कीव आली. गुडघे धरलेली माणसं, दिवस भरलेल्या बायका, डायलिसिसवरून परतताना धाप लागलेला एक मास्तर. मनोहरशेठची म्हातारी आई माझ्या दुकानात यायला लागली, तिच्या मुलाच्या दुकानात ती सहा वर्षांत चढली नव्हती. एवढी माणसं इतकी वर्षं कुठे होती? खालीच होती, रस्त्यावर. आम्ही वरून म्हणत होतो, असं गिऱ्हाईक आपल्याकडे येतच नाही, मग कशाला बांधायचं.

हरसिंग दर सोमवारी यायचा, नंबर लावायचा, हळू बोलायचा, जायचा. सव्वा वर्ष.

मग नगरपरिषदेची अतिक्रमणाची नोटीस आली. नालीवरची बांधकामं काढणार. त्यात लिहिलं होतं, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मी कळवली नाही. एक अर्ज करायचा होता, की हा रॅम्प आहे, चैनीचं बांधकाम नाही. अर्ध्या पानाचा अर्ज. पण मला त्याच मंडळींकडून दुसऱ्या कामाची सही हवी होती आणि डोळ्यावर यायचं नव्हतं. नोटिसा येतात, कुणी तोडत नाही, असंही मी मनाला सांगितलं. आणि मिस्त्रीला मी त्या नोटिशीबद्दल बोललोसुद्धा नाही. त्याला कळलं असतं तर त्याने माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला असता. म्हणूनच बोललो नाही.

जेसीबी आला तो सोमवारच होता. हरसिंग वळणाच्या सपाट जागेवर येऊन थांबला होता. यंत्र पाहिल्यावर त्याने दोन्ही चाकांचे ब्रेक लावले. नगरपरिषदेचा साहेब तरुण होता, बोलायला सभ्य.

“काका, नियम सगळ्यांना सारखा आहे. बाजूला व्हा.”

“सारखा हाय? मंग साऱ्याइच्या पायऱ्या तोडा. सात बी, पाच बी, तीन बी. थ्या बी नालीवरच हायेत. मंग पाहू कोन कोनाच्या दुकानात जाते.”

“पायऱ्यांना तीन फुटांपर्यंत चालतं, काका. हे सात फूट आहे.”

“पानी लावून पाहा साहेब. याच्याहून कमी होतच नाही.”

साहेबाने घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे वळला. “मालक तुम्ही ना? तुमची काही लेखी हरकत नाही आलेली. आता आहे का काही?”

हरसिंगने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला नोटिशीचं त्या क्षणी कळलं. सगळी लाइन आपापल्या पायऱ्यांवर उभी होती. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “नाही साहेब. तुम्ही म्हणाल तसं.”

मग चार माणसं पुढे आली. दोघांनी पुढची चाकं धरली, दोघांनी मागून हात घातले. मी वाट पाहत होतो की तो आता शिव्या देईल, थापी उगारेल, त्याचं ते नेहमीचं वाक्य बोलेल. तो काहीच बोलला नाही. चौघांच्या हातांवरून तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. चंद्रीबाई मागून खुर्चीवरून लोंबणारी लघवीची पिशवी हातात धरून चालत होती, ती कुणाच्या पायात येऊ नये म्हणून.

तोडायला दहा मिनिटं लागली. माझ्या पायऱ्या मात्र जपून ठेवल्या. एक कोपराही उडाला नाही. मनोहरशेठने त्या चौघांना पाणी दिलं.

धूळ बसली. जेसीबी पुढच्या चौकात गेला. बाजार पुन्हा सुरू होणार एवढ्यात चाक वाजलं. ढिगाऱ्याच्या कडेने वाट काढत तो आला, माझ्या खालच्या पायरीशी थांबला. थापीच्या दांड्याने कडप्प्यावर ठोकलं, टक टक.

“ए तीन पायऱ्या.”

मी काउंटरमागे होतो. त्याने आवाज चढवला, परांचीवरून खाली मालकाला हाक मारायचा तसा, चौकापर्यंत जाईल असा.

“लघवीची नळी दे. सोळा नंबर. अन् पिशवी दे, पायाले बांधाची.”

रस्ता थांबला. साड्या दाखवणारे हात थांबले. मी फळीवरून नळी काढली, पिशवी काढली, सवयीने पेपरात गुंडाळली आणि पायऱ्या उतरून खाली गेलो. त्याने माझ्या हातून पुडकं घेतलं, पेपर सोडवला, चुरगळून माझ्या पायरीवर टाकला. नळी आणि पिशवी मांडीवर उघडी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. मग चाकं फिरवली.

त्यानंतर तो माझ्या दुकानाकडे कधी आला नाही. जखमेचं विष अंगात भिनून गेला असं चंद्रीबाईने सांगितलं. फ्लेक्सवरचा तो हसणारा माणूस मला माहीत नाही. मी शेवटचा पाहिलेला हरसिंग मिस्त्री भर बाजारातून, ताठ बसून, कुरकुरत्या चाकाने, कुणालाही वाट न देता चालला होता, आणि आम्ही सगळे आपापल्या पायऱ्यांवर उभे होतो.